पेडण्याहून काणकोणला निघालेला मरॉडर

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो की आमचं घर एकदम मोठं वाटायला लागतं. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी तशीच टांगलेली असते, फक्त तिच्यातली केळी गुपचूप कमी होत जातात. ओसरीवर घुमटं उपडी पडलेली असतात, आणि आरत्यांनी घसे असे बसलेले असतात की कोणी कोणाशी फार बोलायला जात नाही. यंदा त्या शांततेत ताईचा मुलगा दोन दिवस मागे राहिला. फोंड्याजवळच्या फर्मागुडीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने जेवणाच्या टेबलावरचा नेवऱ्यांचा डबा बाजूला सारला, लॅपटॉप उघडला आणि पाथ ऑफ एक्झाइल हा गेम सुरू केला.

मी मागे उभा राहून बघत होतो. पडद्यावर एक धिप्पाड मरॉडर (खेळायला निवडायच्या पात्रांचे जे प्रकार, म्हणजे क्लास, त्यातला एक) पळत होता. पळत होता आणि जळतही होता. अंगाभोवती आगीचं वर्तुळ, त्यात येईल तो राक्षस आपोआप करपत होता. मरॉडर कोणावर हात उगारत नव्हता. त्याला पाहून मला घाटावरून फिरायला आलेल्या आणि कोणालाही न विचारता पुढे जात राहणाऱ्या पाहुण्यांची आठवण झाली.

"हो कित्याक जळटा?" हा का जळतोय, मी विचारलं.

"मुद्दाम. आरएफ आहे मामा, राइचस फायर."

(घरात आम्ही कोंकणीच बोलतो. लिहायला बसलो की हात मराठीत चालतो. आमच्याकडे पेपर, आरत्या, भजनं, नाटकं मराठीत आणि भांडणं कोंकणीत. पुढचे संवाद वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात कोंकणीत वाचले तरी चालतील.)

तर आमचं भांडण झालं. म्हणजे मी म्हटलं, हा मरॉडर कसला? मरॉडर म्हणजे ताकद. हातात कुऱ्हाड नाहीतर गदा हवी, आणि ती जोरात आपटली की स्क्रीन हलली पाहिजे. राइचस फायर हे तर बुद्धीच्या बाजूचं, निळं जेम, म्हणजे स्किल देणारा खडा. ते या पैलवानाच्या खिशात काय करतं? मग विच, म्हणजे चेटकीण, कशाला ठेवली आहे?

मी अजून डायब्लो टू या जुन्या गेममधल्या बार्बेरियनच्या, रानटी योद्ध्याच्या, हिशेबाने बोलतो हे भाच्याला ठाऊक होतं. त्याने हेडफोन एका कानावरून काढला. "तुमच्या वेळचा बार्बेरियन म्हणजे फक्त बार्बेरियन, ते दिवस गेले. क्लास म्हणजे खंयच्या स्टँडार बस धरपाची, इतलेंच."

कोणत्या स्टँडवर बस पकडायची, तेवढंच. हे वाक्य मला इतकं लागलं की त्या रात्री मी झोपलो नाही. पावसाने वीज गेली होती आणि इन्व्हर्टर पंख्यालाच पुरत होता, हेही कारण आहे. पण वाक्यही होतंच.

माझं वय अडतीस. पेडण्याच्या बाजारात इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान चालवतो. दिवसभर एमसीबी आणि वायरचे गुंडाळे विकतो आणि रात्री दहानंतर राक्षस मारतो. हे मी वीस-एकवीस वर्षं करत आलो आहे.

सुरुवात म्हापशाला झाली, 2004 साली. बाजारपेठेच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होतं, ताशी वीस रुपये. त्यांच्या तीन नंबरच्या पीसीवर डायब्लो टू घातलेला होता. गेम सिंगल प्लेयर, त्यामुळे माझा बार्बेरियन त्या पीसीच्या हार्ड डिस्कमध्येच राहायचा. मी पेडण्याला, तो म्हापशाला. शुक्रवारी आईबरोबर बाजाराला गेलो की ती मिरच्या-कोकम-सुक्या मासळीच्या रांगेत आणि मी जिना चढून वर. तीन नंबरवर दुसरं कोणी बसलेलं असेल तर त्याच्या खुर्चीमागे उभा राहून त्याचे वीस रुपये कधी संपतात ते बघायचं.

डायब्लो टू मध्ये तेव्हा दर लेव्हलला कौशल्य वाढवायचा एक स्किल पॉइंट मिळायचा, आणि वर काही क्वेस्टचे, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिऱ्यांचे. एकदा टाकलेला पॉइंट परत घेता येत नसे. रिस्पेकची सोय कितीतरी नंतर आली, 2010 च्या 1.13 पॅचमध्ये. तोपर्यंत चुकीचा पॉइंट म्हणजे गोंदलेलं नाव. मला कोणीतरी सांगितलं होतं की बार्बेरियनचं खरं अस्त्र व्हर्लविंड, ते तिसाव्या लेव्हलला उघडतं, तोपर्यंत पॉइंट उधळू नकोस. म्हणून मी साठवत होतो. नऊ पॉइंट साठले होते आणि मी ड्युरिएलसमोर अडकलो होतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वाळवंटाखालची इवलीशी खोली, दार उघडल्या उघडल्या अंगावर येणारा लठ्ठ किडा, वर त्याचा होली फ्रीझ ऑरा, म्हणजे अंगाभोवतीचं वलय, तुमची चाल मंद करणारा. माझा कंजूष बार्बेरियन तिथे दहा-बारा वेळा मेला असेल.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर पॉइंट गायब. मधल्या आठवड्यात कोणा अज्ञात इसमाने माझा बार्बेरियन उघडून नऊच्या नऊ पॉइंट फाइंड पोशनमध्ये घातले होते! फाइंड पोशन म्हणजे मेलेल्या राक्षसाच्या देहावर ओरडायचं आणि त्यातून औषधाची बाटली निघते का बघायचं. मी कॅफेच्या मालकाकडे तक्रार केली. त्यांनी विचारलं, अर्धा तास की एक तास?

काय करणार? बसलो. ड्युरिएलच्या खोलीआधीच्या थडग्यात एकेक राक्षस मारला, प्रत्येकाच्या छाताडाशी उभा राहून ओरडलो आणि पट्टा लाल बाटल्यांनी गच्च भरला. मग आत गेलो. मारत होतो, पीत होतो, मारत होतो, पीत होतो. किडा मेला.

हा किस्सा मी भाच्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळ्या खाताना सांगितला. तो म्हणाला, म्हणजे वाईट बिल्ड (पॉइंट आणि वस्तूंची जुळणी) होतं. हो, भयंकर वाईट. पण माझा मुद्दा वेगळाच होता. एवढं वाईट बिल्ड होऊनही तो बार्बेरियनच होता. दोन हातांनी धरायची तलवार तो एकेका हातात धरायचा, बाकी कोणाला ते जमत नाही. तो ओरडून काम करायचा. बाटलीसुद्धा त्याने मंत्राने काढली नाही, प्रेतावर आरडाओरडा करून काढली. त्या अज्ञात इसमाने माझं बिल्ड बिघडवलं, पण त्याला बार्बेरियनपासून बार्बेरियन काढून घेता आला नाही.

"मग ती बंधनाची कमाल," भाचा म्हणाला. "तुला दुसरं काही करताच येत नव्हतं."

इथे तो बरोबर होता, आणि मला वाटतं त्याला स्वतःला कळलं नाही की तो माझ्याच बाजूने बोलला.

डायब्लो टू मधला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, घ्या. त्याच्याकडे ऑरांचा ढीग आहे, पण एका वेळी एकच चालू ठेवता येतो. बस, एवढीच अट. सगळे एकदम लावता आले असते तर पॅलाडिन म्हणजे चालता-फिरता देव्हारा झाला असता आणि प्रत्येकाचा पॅलाडिन सारखाच निघाला असता. एकच लावायचा, म्हणून प्रश्न उभा राहतो: कोणता? फॅनॅटिसिझम लावला तर झील घेऊन भराभर वार करत राहा. कॉन्सन्ट्रेशन लावला तर ब्लेस्ड हॅमर, स्वतःभोवती घरघरत बाहेर जाणारे हातोडे. कन्व्हिक्शन लावला तर समोरच्याचा प्रतिकारच खाली आणून मग मूलतत्त्वांचा मारा. पॅलाडिन तिघेही, पण एकाशी खेळलेला माणूस दुसऱ्याशी खेळायला बसला की पहिली दहा मिनिटं धडपडतो. ही विविधता त्या एका नकारातून जन्माला आली.

आणि हीच विविधता मारताही येते. 2003 च्या 1.10 पॅचमध्ये सिनर्जी आल्या. एका स्किलमध्ये घातलेले पॉइंट दुसऱ्या स्किलला जोर देऊ लागले. हेतू चांगला होता, सुरुवातीची स्किलं नंतर भंगारात जाऊ नयेत म्हणून. झालं काय? हॅमरमध्ये वीस, कॉन्सन्ट्रेशनमध्ये वीस, ब्लेस्ड एममध्ये वीस, व्हिगरमध्ये वीस. नव्व्याण्णव लेव्हलपर्यंत रक्त आटवलं आणि सगळ्या क्वेस्ट केल्या तरी मिळून 110 पॉइंट, त्यातले ऐंशी आधीच वाटून झालेले. उरलेल्या तीसमध्ये वाटेतल्या अटींची स्किलं उचला आणि चिमूटभर हौस करा. हॅमरवाला प्रबळ झाला आणि प्रत्येक हॅमरवाला शेजारच्या हॅमरवाल्याचा जुळा भाऊ झाला.

माझ्या डोक्यात क्लासचा विचार आला की गेमच्या आधी दशावतार येतो, त्याला माझा इलाज नाही. माझे धाकटे काका बरीच वर्षं दशावतारी मंडळीत राजपार्ट करायचे. जत्रेचा कालो, म्हणजे दशावतारी नाटक, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लागत असतानाच आज कोणतं आख्यान, कोण कोण काय, हे ठरतं, आणि पुढची रात्रभर प्रत्येकजण आपली भाषणं जागच्या जागी रचतो. पेटी आणि मृदंग, बाजूला झांज, समोर गाव. यातली गंमत अशी की बोलायचं काय हे मोकळं, पण राजा म्हणजे काय हे पक्कं. राजा विनोद करत नाही, त्याची चाल ठरलेली, वळणं ठरलेली, तलवार काढायची रीत ठरलेली. संकासूर मात्र मुख्य आख्यानाआधी येतो, काळा पोशाख, लोंबणारी लाल जीभ, आणि त्याला सगळी मुभा. तो पंचायतीच्या गटारावर बोलेल, समोर बसलेल्याच्या टकलावर बोलेल.

एका जत्रेत संकासूर करणाऱ्याला ताप भरला आणि काकांना काळा पोशाख घालावा लागला. काका शब्दांत कमी पडले नाहीत, लोक हसलेही. पण माझ्या आजीच्या शेजारी बसलेली एक म्हातारी तिच्या कानाशी पुटपुटली, "हो संकासूर न्हय गे, राजा काळे कपडे घालून आयला." काकांना घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे, पाय माझं ऐकत नव्हते.

तेव्हापासून मी क्लासमध्ये पाय शोधतो. स्किलची यादी नंतर.

डायब्लो थ्रीवर लोक तोंडसुख घेतात, मीही घेतलं आहे, पण पायांच्या बाबतीत त्या गेमने एक फार चांगली गोष्ट केली. डायब्लो टू मध्ये सगळेच मॅना नावाचा एकच साठा खर्च करायचे. 2012 मध्ये आलेल्या थ्रीत प्रत्येकाला आपापला साठा मिळाला. बार्बेरियनची फ्युरी लढाईत मारून आणि मार खाऊन भरते, आणि नुसतं उभं राहिलं तर ओसरते. म्हणजे विझर्ड आर्केन पॉवरचं भांडं भरून लढाईला येतो आणि बार्बेरियन रिकाम्या हाताने येऊन तिथेच कमावतो. डीमन हंटरकडे दोन साठे, हेट्रेड मारायला आणि डिसिप्लिन वाचायला. हे चालीत उतरतं. डोळे मिटून नुसता कीबोर्ड ऐकला तरी कोण खेळतंय ते सांगता येईल.

मग त्याच गेमने उलटं काय केलं तेही सांगतो. स्किल केव्हाही बदलायची मोकळीक दिली, कागदावर तर विविधतेचा महापूर. पण पुढे सेट आले. सहा वस्तू घातल्या की अमुक एका स्किलचा मारा हजारो टक्क्यांनी वाढायचा. डीमन हंटरने अनहॅलोड एसेन्स हा सेट घातला की मल्टिशॉट. दुसरं काही मारायची परवानगी आहे, पण अर्थ नाही. दुकानात मी गिऱ्हाइकाला पंधरा प्रकारचे बल्ब दाखवतो आणि त्याच्या होल्डरला एकच बसतो, तसं.

आता एनिग्मा, परत डायब्लो टू मधला. माझ्या पिढीत यावर मैत्र्या तुटल्या आहेत. टेलिपोर्ट हे सॉर्सरेसचं, म्हणजे जादूगारणीचं, होतं. नाजूक बाई, एका फटक्यात मरते, पण भिंतीपलीकडे क्षणात जाते. ते तिचे पाय. मग जाह, इथ आणि बेर हे तीन रून, म्हणजे मंत्राचे खडे, एका चिलखतात बसवले की एनिग्मा तयार, आणि तो घालणाऱ्या कोणालाही टेलिपोर्ट. बाजूने बोलणारे म्हणतात, किंमत बघ ना, जाह आणि बेर मिळायला जन्म जातो. खरं आहे. पण ती किंमत घाम गाळून एकदा भरायची, नंतर माफ. एनिग्मा घातलेला पॅलाडिन बॉसच्या डोक्यावर उतरतो, नेक्रोमॅन्सर आपली अख्खी फौज घेऊन उतरतो, बार्बेरियनही उतरतो. पडद्यावर चौघे खेळत असतील तर चौघांची चाल एक. म्हातारी समोर बसली असती तर म्हणाली असती, सगळ्यांनी एकीचंच लुगडं नेसलंय.

इथवर माझी बाजू मला पक्की वाटत होती. भाच्याने ती जेवण झाल्यावर मोडली, तीही रागाने नव्हे, नुसतं झाड दाखवून.

पाथ ऑफ एक्झाइलचं पॅसिव्ह झाड, म्हणजे पॉइंट देऊन अंगचे गुण घ्यायचा फांद्याफांद्यांचा नकाशा, एकच आहे. सात क्लास, सगळ्यांना तेच. तेराशेहून जास्त बिंदू आणि तुमच्या हातात शंभरी ओलांडून थोडे. विच वरून सुरू होते, मरॉडर खाली डावीकडून, रेंजर खाली उजवीकडून, सायन मधोमध. कोणीही कुठेही जावं. "हे बघ," तो म्हणाला, "मरॉडर म्हणजे पेडणे. काणकोणला जायला तुला कोण अडवतंय? पण म्हापसा, पणजी, मडगाव करत जावं लागेल, आणि प्रत्येक स्टॉपला तिकीट फाडावं लागेल."

ही उपमा त्याची आहे, मी फक्त वापरतो आहे. आणि ती बसते. (गोवा लांबट आहे, उत्तरेला पेडणे आणि दक्षिणेला काणकोण, आणि झाड गोल, ते सोडा.) वाटेतले बिंदू म्हणजे वाटेतले थांबे, प्रत्येकाला एक पॉइंट. पेडण्याच्या आसपास मरॉडरला काय मिळतं? आयुष्य, आयुष्य परत भरण्याचा वेग, चिलखत, गदेचा जोर. ते सगळं स्वस्त, घराशेजारचं. विचला ते हवं असेल तर तिने यावं बस पकडून. सायन म्हणजे फोंडा. मधोमध, कुठेही जायला सोयीचं, पण दाराशी समुद्र नाही. हे ऐकून फर्मागुडीचा विद्यार्थी थोडा दुखावला.

"आता राइचस फायर वाच," तो म्हणाला. वाचलं. ही आग तुमच्या एकूण आयुष्याच्या हिशेबात आधी तुम्हालाच जाळते, सतत. आणि आसपासच्यांना जाळते तीही तुमच्या आयुष्याच्याच हिशेबात. म्हणजे आयुष्य जितकं मोठं तितकी आग मोठी, फक्त ती सोसायला तितक्याच वेगाने आयुष्य परत भरलं पाहिजे. जेम निळं आहे, बुद्धीचं आहे, कबूल. पण ते पेलतं कोणाला? ज्याच्या घराशेजारी आयुष्य आणि त्याची भरती स्वस्त मिळते त्याला. पेडण्याच्या पैलवानाला.

मी बराच वेळ काही बोललो नाही. हा जळणारा मरॉडर कुऱ्हाड चालवत नव्हता, पण तो मरॉडरच होता. आदल्या रात्री मी त्याचे हात बघत बसलो होतो, पायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. जळत जळत पुढे चालत राहायचं, थांबायचं नाही, वळायचं नाही. ही त्या अंगाचीच चाल आहे. विचने हीच आग लावून घेतली तर तिला अर्धा गोवा फिरून आयुष्य गोळा करावं लागेल, किंवा दुसरीच काही युक्ती काढावी लागेल. लोकांनी तशा युक्त्या काढल्याही आहेत, आणि त्या मरॉडरच्या उत्तरापेक्षा वेगळ्या आहेत.

म्हणजे टेलिपोर्ट एनिग्मातून आला तेव्हा सगळ्यांना सारखाच आला. राइचस फायर सगळ्यांना खुलं आहे, पण प्रत्येकाला वेगळ्या भावात पडतं. आणि प्रवासाचा भाव एकदा भरून सुटका नाही. ती वाट हवी आहे तोवर तिच्यावर टाकलेले पॉइंट दुसरीकडे टाकता येत नाहीत. मला इतकी वर्षं वाटत होतं की क्लास टिकवायचा तर कुंपण हवं. अंतर असलं तरी भागतं, हे मला एका पोराने नेवऱ्या खात शिकवलं.

नुसत्या अंतराने भागत नाही, हेही मी त्याला ऐकवलं, एवढा काही मी हरलो नव्हतो. 2013 मध्ये गेम आला तेव्हा क्लास जवळजवळ सुरुवातीच्या जागेपुरताच होता. 2016 मध्ये असेंडन्सी आणावी लागली: सायन सोडून प्रत्येकाला तीन-तीन वाटा, मरॉडरला जगरनॉट, बर्सर्कर आणि चीफटन. त्या वाटा शेजाऱ्याला मिळत नाहीत, कितीही तिकिटं फाडली तरी. बसस्टँडने गावाची ओळख होत असती तर ही गरज पडली असती का? भाचा म्हणाला, पॉइंट आहे. (त्यांच्या पिढीत याहून मोठी शरणागती नसते.)

बाकीच्या गेमबद्दल लांबण लावत नाही. ग्रिम डॉनमध्ये पहिले दोन विस्तार धरून नऊ मास्टरी, म्हणजे विद्या, आहेत, दहाव्या लेव्हलला दुसरी निवडायची, दोनदोनच्या छत्तीस जोड्या आणि प्रत्येक जोडीला स्वतःचं नाव. सोल्जर आणि नाइटब्लेड मिळून ब्लेडमास्टर, ऑकल्टिस्ट आणि शामन मिळून कंजुरर. नाव मिळालं की आपण काहीतरी झालो असं वाटतं, हे मला आवडतं. पण माझ्या अनुभवात पुष्कळदा खरा संसार एका मास्टरीचा आणि दुसरी म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर. लास्ट एपॉकमध्ये पाच मूळ क्लास, प्रत्येकाला तीन मास्टरी, आणि प्रत्येक स्किलच्या पोटात आणखी एक झाड, त्यामुळे एकच स्किल दोन घरांत दोन तऱ्हेने वागतं. त्यातली माझी रोग (भुरटी लढवय्यी) फाल्कनर, म्हणजे ससाणेवाली, आहे, आणि बिल्ड कितीही उलटंपालटं केलं तरी तिचा ससाणा वर घिरट्या घालतोच.

एक मात्र सांगायलाच हवं, कारण ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. नेक्रोमॅन्सर म्हणजे हाडांची फौज, हे आपल्या डोक्यात बसलेलं. पण कित्येकांना फौज नको असते, ती मध्ये मध्ये येते, तिची सांभाळसुंभाळ करावी लागते. डायब्लो फोरमध्ये त्याच्याकडे बुक ऑफ द डेड आहे. त्यात फौजेतला एखादा गट बळी देता येतो: ती निवड आहे तोवर तो उठवता येत नाही, बदल्यात अंगात जोर येतो. तिन्ही गट बळी देऊन एकटाही फिरता येतं. तरी तो नेक्रोमॅन्सरच राहतो, कारण फौज नसणं हेही फौजेच्याच भाषेत लिहिलेलं आहे. इतर क्लासच्या माणसाकडे फौज नसते, याने ती दिली आहे. काकांनी शेवटची काही वर्षं तलवार न काढता राजा केला, मनगट दुखायचं म्हणून. हात मुठीपर्यंत जायचा आणि थांबायचा. लोक श्वास धरायचे.

भाचा संध्याकाळच्या बसने गेला. जाताना माझ्या जुन्या पीसीवर गेम उतरवून देऊन गेला, फुकट आहे म्हणून. आमच्या इंटरनेटला तो उतरवायला रात्र लागली.

मी मरॉडर घेतला. आरएफ करणार नव्हतो, ते त्याचं. मी झाड नीट बघितलं आणि ठरवलं की केऑस इनॉक्युलेशन घ्यायचं. हा बिंदू तुमचं आयुष्य एक करून टाकतो. एक म्हणजे अक्षरशः एक. बदल्यात केऑस या प्रकारचा मारा लागत नाही, आणि बाकी सगळं एनर्जी शील्डच्या, म्हणजे जादूच्या कवचाच्या, भरवशावर. तो आहे झाडाच्या पार वरच्या बाजूला, विच आणि शॅडोच्या मुलखात. म्हणजे मरॉडरने आयुष्याचे सगळे स्वस्त थांबे खिडकीतून बघत सोडून द्यायचे आणि ज्या गावात त्याचं आयुष्यच काढून घेणार तिथे जायला निघायचं. सपशेल मूर्खपणा आहे, मला माहीत आहे. मला बघायचं होतं की एवढं सगळं उलटं केल्यावर त्याच्यात मरॉडरचं काय उरतं.

तीन आठवडे झाले. मी रोज रात्री दुकान बंद करून तासभर त्याला पुढे नेतो. वाटेत आयुष्याचे मोठमोठे बिंदू लागतात, दर वेळी हात वळवळतो. दोनदा मोह झाला, घेतले, आणि मग ऑर्ब ऑफ रिग्रेट खर्चून परत दिले. मरतो खूप. अंगावर निळी शील्ड, हातात गदा, कशाचा कशाला मेळ नाही. पण काल एका बॉससमोर शील्ड संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मागे हटलोच नव्हतो. विच खेळताना मी केव्हाच पळालो असतो.

हे भाच्याला कळवावं असं वाटलं, तेवढ्यात त्याचाच मेसेज आला.

"मामा, मरॉडर खंय पावलो?"

"म्हापशाक," मी लिहिलं. "बस भरली म्हणून उबोच आसा."